परदेशात गेलेला माणूस बेपत्ता झाला तर: सोलापूरच्या घरांतून येणारे प्रश्न

कामासाठी देशाबाहेर गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा लागेनासा झाला की घरचे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न सोलापूर शहरातून, अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, बार्शीकडून आलेले आहेत. काही तेलुगूत आणि कन्नडमध्ये विचारलेले होते, ते मराठीत आणले. नावं आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

वाचण्याआधी एक गोष्ट. तुमच्यासमोर तीन कामं आहेत: माणूस शोधणं, त्याचं काय झालं ते लेखी मिळवणं, आणि ज्यानं हे केलं त्याला कोर्टात उभं करणं. तिन्ही एकदमच सुरू करायची. ‘आधी माणूस सापडू दे, केसचं मग बघू’ असं सांगणारे बरेच भेटतील आणि त्यातले बहुतेक एजंटच्या ओळखीतले असतात. खालची कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांतली आहेत.

१. किती दिवस फोन आला नाही म्हणजे माणूस बेपत्ता समजायचा?

कायद्यात असा आकडा नाही. ‘चोवीस तास थांबा’ हे सर्रास ऐकवलं जातं, त्याला कसलाही आधार नाही. त्या माणसाची सवय बघा. दर सुट्टीला आईला व्हिडिओ कॉल करणारा पोरगा दोन सुट्ट्या गप्प राहिला आणि त्याच्या खोलीवरच्या सोबत्यांनाही काही माहीत नसेल, तर थांबायचं कारण उरत नाही.

घाई अशासाठी की सुरुवातीच्या काळात ‘बेपत्ता’ म्हणून नोंदवलेली माणसं बऱ्याचदा जिवंत असतात आणि सापडण्यासारखी असतात. मालकानं फोन काढून घेतलेला असतो, माणूस दवाखान्यात असतो किंवा कोठडीत असतो. सौदीत मालक ‘हुरूब’ नोंदवू शकतो, म्हणजे कामगार पळून गेल्याची तक्रार. ती नोंद झाली की इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, निकामी होतो आणि पकडला गेलेला माणूस डिपोर्टेशन सेंटरमध्ये पोचतो. घरी कळवायला कोणी बांधील नसतं.

२. माणूस दुबईत हरवला, तक्रार सोलापुरात चालेल का?

चालेल, आणि सोलापुरातच द्या. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतलं तुमचं ठाणं, तालुक्यात असाल तर सोलापूर ग्रामीणचं. चुकीच्या ठाण्यात गेलात तरी हरकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. शेजारच्या विजयपूर किंवा कलबुर्गीतून पाठवणी झाली असेल, एजंट तिकडचा असेल, तरी हेच लागू.

आता खरी अडचण. ठाण्यात बहुधा ‘मिसिंग’ दाखल करून घेतात आणि तुम्हाला वाटतं गुन्हा नोंदला गेला. मिसिंग म्हणजे फक्त हरवल्याची नोंद. तिच्यावरून कोणाला अटक होत नाही, एजंटच्या बँक खात्यापर्यंत कोणी जात नाही. पैसे घेऊन खोटी नोकरी दाखवली असेल, एका देशाचं सांगून दुसऱ्या देशात उतरवलं असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल, तर एफआयआर मागा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे, माणसांच्या व्यापारासाठी कलम १४३. अर्जात कलमं घालायची सक्ती नाही, पण ‘किती पैसे, कोणाला, कधी, कशासाठी दिले’ ही चार वाक्यं हवीतच. ती नसतील तर अर्ज मिसिंगमध्येच जातो.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. तक्रार ईमेलनंही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंद झाल्यावर ९० दिवसांत तपासाची प्रगती तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम १९३). हे कलम फार कमी घरांना माहीत असतं.

३. साहेब म्हणतात, ‘परदेशातलं आमच्याकडे येत नाही, दिल्लीची परवानगी लागते.’ खरं आहे का?

अर्धं खरं आहे. भारतीय नागरिकानं परदेशात केलेल्या गुन्ह्यावर इथे खटला चालवायचा तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. आता ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०८ आहे, पूर्वी १८८ होतं. पण सर्वोच्च न्यायालयानं थोटा वेंकटेश्वरलू प्रकरणात (२०११) सांगितलं की ही मंजुरी खटल्याच्या टप्प्यावर लागते. गुन्हा नोंदवायला आणि तपासाला ती आड येत नाही. पुढे सरताज खान प्रकरणात (२०२२) आणखी स्पष्ट झालं की गुन्ह्याचा एखादा भाग भारतात घडला असेल तर त्या कलमाचा प्रश्नच येत नाही. पैसे सोलापुरात दिले, बोलणी इथल्या ऑफिसात झाली, तिकीट इथे हातात पडलं, म्हणजे गुन्ह्याचा भाग इथलाच.

तरीही नोंदवून घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टानं वरिष्ठांकडे पाठवा, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांकडे आणि शहरात आयुक्तालयात. त्यावर काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ललिता कुमारी निकालानं (२०१३) दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर सक्तीचा केला आहे. त्या निकालाची प्रत खिशात असली की बोलण्याचा सूर बदलतो, हा अनुभव आहे.

४. कोणते कागद आधी गोळा करू?

पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, व्हिसा, तिकीट, करारपत्र, एजंटला दिलेल्या पैशांचा पुरावा. पासपोर्टची प्रत घरात नसेल तर नंबर तरी शोधा. तो जुन्या तिकिटावर, बँकेच्या केवायसीत किंवा ज्यानं फॉर्म भरला त्या सायबर कॅफेत मिळतो. सोलापूरचे पासपोर्ट पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतात, पोलीस तिथून तपशील मागवू शकतात. तो देशाबाहेर कधी आणि कुठल्या विमानतळावरून गेला हे इमिग्रेशनच्या नोंदीत असतं. तेही पोलिसांनीच लेखी मागवायचं असतं, म्हणून अर्जात तशी विनंती घाला.

व्हॉट्सॲपचं बोलणं नुसते स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा आणि ज्या फोनवर ते आलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

त्याचा इकडचा मोबाईल नंबर रिचार्ज करत राहा. सलग तीन महिने वापर नसला की नंबर बंद होतो आणि पुढे कुणा तिसऱ्याला दिला जातो. त्याचं व्हॉट्सॲप, बँकेचा ओटीपी, ईमेल, सगळं त्याच नंबरवर टांगलेलं असतं. इकडच्या कंपन्यांना कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्यानंतर ‘एजंटशी बोलणं झालं होतं’ हे सिद्ध करणं कठीण होऊन बसतं.

५. दूतावासाला कोण कळवणार? आम्हाला इंग्रजी येत नाही.

घरच्यांनीच कळवायचं, पोलिसांवर सोडू नका. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून चालू आहे. तिथे नातेवाइकाला तक्रार नोंदवता येते आणि क्रमांक मिळतो. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. इंग्रजीसाठी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला बसवा. अर्ज एका पानापेक्षा मोठा नको: नाव, पासपोर्ट नंबर, मालकाचं किंवा कंपनीचं नाव, शेवटचं बोलणं कधी झालं, शेवटचा पत्ता, एफआयआर क्रमांक.

दूतावास काय करू शकतो? दवाखाने, तुरुंग, डिपोर्टेशन सेंटर, शवागार इथे चौकशी, मालकाला पत्र, कोठडीतल्या माणसाची भेट. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं जुलै २०१९ मध्ये पाकिस्ताननं हेच कलम मोडल्याचं ठरवलं. पण दूतावास त्या देशाच्या पोलिसांना हुकूम देऊ शकत नाही, तपासही करू शकत नाही.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार वापरा. दूतावासांनाही तो लागू आहे. माहिती माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या वर ‘कलम ७(१), जीवित व स्वातंत्र्य’ असं ठळक लिहा.

६. एजंट रोज सांगतो, ‘कॅम्पमध्ये आहे, काळजी करू नका.’ विश्वास ठेवायचा का?

त्याला एकच सांगा: आजच्या तारखेचा व्हिडिओ आणि कॅम्पचा पत्ता, दोन्ही लेखी संदेशातून पाठव. खरं असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

मग त्याचा परवाना तपासा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर असते. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. इथे लाखांच्या गोष्टी होतात, त्याही रोखीत, पावती न देता. ‘मुंबईच्या मोठ्या ऑफिसचा सब-एजंट’ असा प्रकार कायद्याला मान्य नाही.

या कायद्याखाली खटल्याला केंद्राची मंजुरी लागते, पण तक्रार स्वतः कामगारानं किंवा त्याच्या वतीनं आई, वडील, पती, पत्नी, मुलं, भाऊ, बहीण यांनी केली तर लागत नाही. म्हणजे सरकारपेक्षा तुमची सही इथे लवकर कामाला येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. दंडाचा आकडा १९८३ मधला आहे, तो वाचून एजंट हसतात. म्हणूनच न्याय संहितेची कलमं सोबत लागली पाहिजेत (प्रश्न २).

एजंटकडे विम्याचीही चौकशी करा. दहावी पास नसलेला माणूस रीतसर मंजुरी घेऊन गेला असेल तर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा अपघाती विमा असायलाच हवा.

७. पोरगा व्हिजिट व्हिसावर गेला होता. तक्रार केली तर आम्हीच अडकू का?

नाही. त्या देशात व्हिसा मोडल्याचा दंड त्याला लागू शकतो, पण तो जिवापुढे काही नाही, आणि दूतावास अनेकदा तो माफ करून घेतो. इकडे घरच्यांवर गुन्हा होत नाही. ही भीती एजंटच पेरतात.

८. थायलंडला कॉम्प्युटरच्या नोकरीला गेला आणि लोकेशन म्यानमारचं दाखवतंय. कोणत्या देशाला विचारायचं?

दोन्हींना, एकाच दिवशी. बँकॉक आणि यांगून इथल्या भारतीय दूतावासांना वेगवेगळे ईमेल पाठवा, एकमेकांची प्रत जोडून.

मार्ग ठरलेला आहे. बँकॉकला उतरवायचं, गाडीनं माए सोतपर्यंत न्यायचं, मोई नदी ओलांडून म्यावडीच्या बाजूला कुंपणात टाकायचं. तिथे ऑनलाइन फसवणुकीचं काम जबरदस्तीनं करून घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं अशा कामात अडकली असावीत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन खेपांत ५४९ भारतीयांना तिथून परत आणलं.

ज्या भागात हे अड्डे आहेत तिथे म्यानमार सरकारचा हुकूम चालत नाही, सशस्त्र गट बसलेले आहेत. म्हणून ‘त्या देशाच्या पोलिसांत तक्रार द्या’ हा सल्ला इथे कुचकामी ठरतो. लोकेशन मिळालं असेल तर अक्षांश-रेखांशासह पाठवा, इमारतीचा फोटो असेल तर तोही. आणि हे कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आत फोन तपासले जातात, बाहेरची बातमी आत पोचते आणि मार पोराला बसतो.

‘त्यानंही लोकांना फसवलं, मग तो आरोपी नाही का?’ हा पुढचा प्रश्न असतो. जबरदस्तीनं करवून घेतलेलं काम आणि स्वखुशीचं काम यात कायदा फरक करतो, मात्र जबरदस्ती दाखवावी लागते. मारहाणीचे फोटो, सुटकेसाठी मागितलेल्या पैशांचे संदेश, पासपोर्ट काढून घेतल्याचं बोलणं, सगळं जपून ठेवा.

९. रशियात ‘हेल्पर’ म्हणून गेलेला भाऊ सैन्यात आहे म्हणतात.

जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं की रशियन सैन्यात भारतीयांची १२६ प्रकरणं समोर आली, १२ जण मरण पावले आणि १६ जणांना रशियानं बेपत्ता ठरवलं आहे. भरती करणाऱ्यांवर सीबीआयनं २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला. तुमची तक्रार स्थानिक ठाण्यासोबत सीबीआयलाही पाठवा आणि मॉस्कोच्या दूतावासाकडे भावाचं नाव त्या यादीत आहे का हे लेखी विचारा. सैन्यानं ‘बेपत्ता’ म्हटलं की मृत्यूचा दाखला मिळत नाही, म्हणून डीएनए लगेच द्या (प्रश्न १५).

१०. जहाजावरून नाहीसा झाला. समुद्रात कोणाची हद्द?

खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा असेल त्या देशाचा कायदा. मालक ग्रीक, झेंडा पनामाचा, भरती मुंबईची, असा तिढा नेहमीचा आहे. तुमच्यासाठी पहिलं दार मुंबईतलं नौवहन महासंचालनालय. भरती करणारी कंपनी त्यांच्याकडे परवानाधारक असेल तर तिला तिथे उत्तर द्यावं लागतं. जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक मागा. नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही. कॅप्टनचा लेखी अहवाल आणि जहाजाच्या लॉगबुकमधली त्या दिवसाची नोंद मागून ठेवा.

११. इंटरपोलकडे आम्ही थेट जाऊ शकतो का?

नाही. बेपत्ता माणसासाठी इंटरपोलची ‘यलो नोटीस’ असते आणि ती भारतातून सीबीआयमार्फतच मागितली जाते. ठाण्यातून अधीक्षक किंवा आयुक्त, तिथून राज्याचा संपर्क अधिकारी, मग सीबीआय असा तो प्रवास. जानेवारी २०२५ पासून ‘भारतपोल’ पोर्टल आलं, त्यामुळे जिल्ह्यातल्या पोलिसांना विनंती ऑनलाइन पाठवता येते. तुमचं काम एवढंच की तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तिकडच्या देशातला पुरावा अधिकृतपणे हवा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली इथल्या कोर्टाकडून विनंतीपत्र जातं. ते फार सावकाश चालतं, म्हणून तपास सुरू होताच मागावं.

१२. तिकडच्या पोलिसांनी किंवा लष्करानंच उचलून नेलं आणि ‘आमच्याकडे नाही’ म्हणतात. अशा वेळी कुठे जायचं?

सरकारी माणसांनी धरून न्यायचं आणि मग ताबाच नाकारायचा, हा गुन्हा आंतरराष्ट्रीय कायद्यात स्वतंत्र मानला आहे. त्याविरुद्धचा करार संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारला, तो २०१० पासून अमलात आहे. भारतानं २००७ मध्ये त्यावर सही केली, पण मान्यता दिलेली नाही. त्यामुळे त्या कराराखाली भारतातल्या कोर्टात दाद मागता येत नाही. मात्र १९८० साली नेमलेला संयुक्त राष्ट्रांचा कार्यगट कुठल्याही देशातल्या प्रकरणाची नोंद घेतो, देशानं करार मानला असो वा नसो. अर्ज कुटुंबाला करता येतो, फी नाही. कार्यगट शिक्षा देत नाही. तो त्या सरकारला विचारणा करतो आणि उत्तर मिळेपर्यंत प्रकरण यादीतून काढत नाही.

युद्ध किंवा कैदेचा संबंध असेल तर आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा शोधविभागही आहे. तो कोणाचा दोष आहे यात पडत नाही, म्हणूनच त्याला तुरुंगात शिरता येतं.

पाकिस्तानशी २००८ चा करार असल्यानं दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. पण यादीत जे कबूल केलं तेवढंच असतं. १९७१ च्या युद्धातले ५४ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या कैदेत असल्याचं मानलं जातं, ते पाकिस्ताननं कधी कबूल केलं नाही. २००७ साली नातेवाइकांचं पथक तिथल्या तुरुंगांत जाऊन आलं आणि रिकाम्या हातानं परतलं.

एवढं सगळं करून काही होतं का, असं अनेकजण विचारतात. दक्षिण अमेरिकेकडे बघा. १९७५ पासून तिथल्या लष्करशहांनी ‘ऑपरेशन काँडोर’ नावाखाली एकमेकांच्या देशांत पळालेली माणसं पकडून नाहीशी केली. अर्जेंटिनातल्या आया १९७७ पासून चौकात उभ्या राहत आल्या. पुढे त्यांच्याच देशात खटले झाले, आणि बेपत्ता झालेल्यांत इटालियन वंशाचे लोक होते म्हणून रोमच्या कोर्टातही झाले. तिथल्या सर्वोच्च कोर्टानं २०२१ मध्ये जन्मठेपा कायम केल्या. चव्वेचाळीस वर्षांनी. त्या खटल्यांत घरच्यांनी सांभाळलेली चिठ्ठीचपाटी पुरावा म्हणून उभी राहिली.

१३. हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाकू का?

हेबियस कॉर्पस म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, अशी मागणी. माणूस भारतात कोणाच्या ताब्यात असेल तर ते सर्वांत जलद हत्यार आहे. तो परदेशात असेल तर हायकोर्ट तिकडच्या तुरुंगाला आदेश देऊ शकत नाही. तरी रिट याचिकेत परराष्ट्र मंत्रालयाला आणि पोलिसांना ‘काय केलं ते शपथपत्रावर सांगा’ असं फर्मावू शकतं, आणि थंडावलेली फाईल त्यानं हलते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. सोलापूर जिल्हा त्यात येतो, मुंबई गाठायची गरज नाही.

१४. ‘तुमचा माणूस गेला’ असं फोनवर कळवलं, कोणी म्हणतं जिवंत आहे. कोणाचं धरायचं?

कागद येईपर्यंत कोणाचंच नाही.

इराकमधल्या मोसूलचं उदाहरण प्रत्येक घरानं माहीत करून घ्यावं. जून २०१४ मध्ये तिथे बांधकामावरच्या भारतीय मजुरांना आयसिसनं पळवलं. त्यातून सुटलेला एकजण सांगत होता की बाकीच्यांना गोळ्या घातल्या. सरकारनं त्याचं मानलं नाही, पुरावा नाही तोवर मृत म्हणणार नाही अशी भूमिका घेतली, आणि घरच्यांना ते जिवंत असल्याच्या आशेवर ठेवलं. मोसूल मुक्त झाल्यावर बदूश इथल्या सामूहिक कबरीतून मृतदेह निघाले, डीएनए जुळवला गेला आणि २० मार्च २०१८ रोजी सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत ३९ जणांच्या मृत्यूची घोषणा केली. एप्रिलमध्ये ३८ जणांचे अवशेष परत आले; एकाचा डीएनए तोवर पूर्ण जुळला नव्हता. पुराव्याशिवाय मृत न म्हणण्याची सरकारची भूमिका मला चुकीची वाटत नाही. ‘आम्हाला माहीत नाही’ एवढं वाक्य मात्र चार वर्षांत स्पष्टपणे सांगता आलं असतं. मृत्यूची घोषणा घरच्यांनी टीव्हीवर ऐकली, हेही झालं.

म्हणून मृत्यूची बातमी आली तर मागायच्या गोष्टी: स्थानिक मृत्यू प्रमाणपत्र, पोलीस अहवाल, शवविच्छेदन अहवाल, ओळख कशावरून पटवली त्याची नोंद, आणि दफन झालं असेल तर कबरीचा क्रमांक व जागा. आखातात बेवारस समजून दफन करून टाकल्यावर घरी कळतं असं घडतं. भय्या चौकातल्या स्मारकापाशी गेलात तर आठवेल: डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये वारले, आणि त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे हे आजही बोट ठेवून सांगता येतं. मजुराच्या घरच्यांचाही एवढं माहीत असण्याचा हक्क आहे. परदेशातला मृत्यू तिथल्या भारतीय दूतावासातही नोंदवून घ्या, इकडच्या कामांना तो दाखला चालतो.

१५. डीएनए कोणी द्यायचा, कधी द्यायचा?

आई आणि वडील दोघांचा मिळाला तर उत्तम. ते नसतील तर त्याची मुलं, मग सख्खी भावंडं. पत्नीचा डीएनए जुळणीला थेट उपयोगाचा नाही, पण मुलांसोबत घेतला तर मदत होते. आईवडील थकलेले असतील तर आजच द्या, ही सगळ्यात निकडीची गोष्ट आहे. नमुना पोलिसांमार्फत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जावा, खासगी लॅबचा अहवाल परदेशात सहसा मानत नाहीत. इंटरपोलकडे २०२१ पासून नातेवाइकांच्या डीएनएवरून ओळख पटवणारी ‘आय-फमिलिया’ यंत्रणा आहे, तिच्यासाठीही विनंती प्रश्न ११ च्याच वाटेनं जाते. डीएनए देणं म्हणजे माणूस गेला असं मान्य करणं नव्हे. सासूबाई ऐकत नाहीत, असं सांगणाऱ्या सुनांनी हे त्यांना वाचून दाखवावं.

१६. ‘तो जेलमध्ये आहे, पैसे पाठवा, सोडवतो’ असे फोन येतात.

पाठवू नका. परदेशी दंड दूतावासामार्फत किंवा तिथल्या कोर्टाच्या पावतीवर भरतात, कुणाच्या यूपीआयवर नाही. नंबर पोलिसांना द्या. पेपरात जाहिरात देताना पासपोर्ट नंबर आणि अंगावरची खूण छापू नका. त्या दोन गोष्टी राखून ठेवल्या की फोन करणाऱ्याची परीक्षा घेता येते.

१७. एजंट पैसे परत करतो म्हणतो, पण ‘तक्रार नाही’ असं लिहून मागतो. घर चालवायचं तर घ्यावे का?

विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला ‘घेऊ नका’ असं सांगायला मी कोण? पैसे तुमचेच आहेत. फक्त कागदावर ‘नोकरीसाठी दिलेली रक्कम परत मिळाली’ एवढंच लिहा. ‘आमची काही तक्रार नाही’, ‘तो स्वखुशीनं गेला’, ‘त्याचा शोध घेण्याची गरज नाही’ ही वाक्यं लिहून देऊ नका. पुढे हायकोर्टात गुन्हा रद्द करून घ्यायला तीच दाखवतात. फसवणुकीचा गुन्हा कोर्टाच्या परवानगीनं आपसात मिटवता येतो, मानवी व्यापाराचा येत नाही.

परदेशी कंपनीच्या भरपाईलाही हेच. थकीत पगार, सेवाउपदान (ग्रॅच्युइटी) आणि मृत्यूची भरपाई हे वेगवेगळे हक्क आहेत. एकाच सहीत सगळे सोडू नका.

१८. चौकशीत कळलं की तो जिवंत आहे, पण पत्ता सांगायला नकार देतो.

सज्ञान माणसाला तो हक्क आहे. पोलीस किंवा रेडक्रॉस ‘सुखरूप आहे’ एवढंच सांगतात, पत्ता त्याच्या संमतीशिवाय देत नाहीत. तुम्ही एवढं मागू शकता की दूतावासाच्या अधिकाऱ्यानं त्याला एकट्याला भेटून, मालक समोर नसताना, ही खात्री करावी. धाकात असलेला माणूसही ‘मला यायचं नाही’च म्हणतो. पोटगीची जबाबदारी पत्ता लपवल्यानं संपत नाही, तो दावा सोलापूरच्या कोर्टात लावता येतो.

१९. वकील परवडत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, मदत क्रमांक १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि मानवी व्यापाराचे बळी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणून अर्ज आईच्या किंवा पत्नीच्या नावानं करा.

२०. सात वर्षं झाली की आपोआप मृत समजतात ना? मग एलआयसी आणि सातबारा का अडतो?

आपोआप काहीच होत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ (जुनं १०८) सांगतं की ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागली असती त्यांना सात वर्षं काही कळलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. हे कोर्टात प्रश्न उभा राहिल्यावरच लागू होतं. म्हणून दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा करावा लागतो. त्या हुकमावर महापालिकेचा जन्ममृत्यू विभाग किंवा ग्रामपंचायत दाखला देते, आणि मग तलाठ्याकडे वारसनोंद होते.

सात वर्षं कधीपासून मोजायची ते शेवटच्या खात्रीलायक खबरीवर ठरतं, आणि तिथेच वेळेवर केलेली मिसिंगची नोंद उपयोगी पडते. नोंदच पाचव्या वर्षी केली असेल तर आधीची पाच वर्षं साक्षीदारांवर सिद्ध करत बसावं लागतं.

मेख अशी: मृत्यूची तारीख कायदा गृहीत धरत नाही. एलआयसी विरुद्ध अनुराधा (२००४) निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सात वर्षांनी माणूस मृत धरला जातो, पण तो पहिल्याच वर्षी मेला असं धरता येत नाही. याचा थेट अर्थ, मधल्या काळात हप्ते थकले आणि पॉलिसी बंद पडली तर दावा अडचणीत येतो. झेपेल तोवर हप्ते भरत राहा.

मृत्यूचा ठोस पुरावा असेल, म्हणजे बोट बुडाल्याचा अहवाल, डीएनए, प्रत्यक्ष साक्षीदार, तर सात वर्षं थांबायची गरज नाही. तो पुरावा घेऊन आधीच कोर्टात जाता येतं.

२१. मृत घोषित केल्यावर माणूस परत आला तर? आणि पत्नीनं दुसरं लग्न केलं असेल तर?

घोषणा गृहीतकावर उभी असते, माणूस समोर आला की ती टिकत नाही. त्याला कोर्टातून ती रद्द करून घ्यावी लागते, आणि विमा कंपनी रक्कम परत मागू शकते.

लग्नाचं जास्त नाजूक आहे. सात वर्षं खबर नसताना, आणि होणाऱ्या नवऱ्याला ही हकीगत आधी सांगून पत्नीनं दुसरं लग्न केलं, तर द्विविवाहाचा गुन्हा होत नाही. न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये तसा अपवाद आहे. पण गुन्हा नसणं वेगळं आणि लग्न वैध असणं वेगळं. हिंदू विवाह कायद्यात पहिला जोडीदार जिवंत निघाला तर दुसरं लग्न रद्दबातल ठरू शकतं. त्यामुळे पुनर्विवाह करायचा असेल तर मृत्यूच्या घोषणेवर विसंबू नका. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण आहे, त्यावर आधी हुकूम घ्या; तो नंतर परत आला तरी विवाह संपलेलाच राहतो. मुस्लिम स्त्रीसाठी १९३९ च्या कायद्यात हीच मुदत चार वर्षांची आहे. तो हुकूम सहा महिन्यांनी अमलात येतो आणि त्या सहा महिन्यांत पती हजर होऊन नांदवायला तयार आहे अशी कोर्टाची खात्री पटली, तर रद्द होतो. तेवढे महिने संपेपर्यंत निकाहाची तारीख धरू नका.